अक्षरांसाठी झालेला लढा
(इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेच्या इतिहासाची ओळख)



इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, असे आपल्याकडे जुन्या काळापासून म्हटले जाते. आज आपल्या समाजातील बहुतेक पालकांना हे दूध आपल्या मुलामुलींना मिळावे असे वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु भाषा ही नुसती शब्दांची यादी नसते. जी भाषा आपण शिकतो ती बोलणाऱ्या लोकांनी काय भोगले, कशासाठी भांडण केले, कोणाला दूर लोटले आणि पुढे कोणाला जवळ केले, हे ठाऊक नसेल तर व्याकरण पक्के होऊनही भाषा परकीच राहते.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत आज अमेरिकेचे नाव सर्वांत मोठे आहे. आपल्या मुलांना अमेरिका ठाऊक आहे ती उंच इमारतींची, सिनेमांची, संगणकांची आणि डॉलरची. वर्गात अमेरिकेचे नाव काढले की मुलांचे डोळे चमकतात ते ह्याच गोष्टींमुळे. ही अमेरिका खोटी आहे असे नाही. पण ती दुकानाची दर्शनी बाजू झाली. त्या देशाच्या घरात शिरायचे असेल तर दुसऱ्या दाराने जावे लागते. माझ्यासारख्या इंग्रजीच्या शिक्षकाला ते दार सापडले एका साध्या प्रश्नात : त्या देशात लिहिणे-वाचणे कोणाला शिकू दिले, आणि कोणाला नाही? ह्या एका प्रश्नाचा माग काढत गेलो तर अमेरिकेचा चारशे वर्षांचा इतिहास उलगडतो, आणि तो आपल्यालाही फार जवळचा वाटू लागतो.

शब्दांत दडलेला इतिहास

आधी नकाशा समोर घ्या. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ओहायो, मिसिसिपी, डकोटा ही नावे इंग्रजी नाहीत. अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी जवळजवळ निम्म्या राज्यांची नावे तेथील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ज्यांना आपण 'रेड इंडियन' म्हणत आलो त्यांच्या, भाषांतून आलेली आहेत. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को ही नावे स्पॅनिश आहेत. कारण तो मुलूख १८४८ पर्यंत मेक्सिकोचा होता आणि त्याआधी स्पेनचा. नावे राहिली, जमिनीचे मालक मात्र बदलले.

आता शब्दकोश उघडा. विद्यार्थी नेहमी विचारतात की 'कलर' शब्दात 'यू' हे अक्षर लिहायचे की नाही? इंग्लंडचे लोक लिहितात, अमेरिकेचे लिहीत नाहीत. ह्याचे कारण नोआ वेब्स्टर नावाचा एक शाळामास्तर आहे. देश स्वतंत्र झाला तरी मुले इंग्लंडच्याच पुस्तकांतून शिकतात, हे त्याला पटेना. त्याने १७८३ मध्ये स्पेलिंगचे पुस्तक काढले, ते पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वापरले गेले. पुढे १८२८ मध्ये, वयाच्या सत्तरीला, त्याने सुमारे ७०,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. 'कलर'मधील 'यू' त्याने गाळला, 'सेंटर'च्या शेवटची दोन अक्षरे फिरवली. एका शिक्षकाने राष्ट्राचे स्पेलिंग बदलले, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना तरी अभिमानाची वाटावी.

शिक्षणाची ही ओढ त्या देशात सुरुवातीपासून होती. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४७ मध्येच कायदा केला होता की ज्या गावात पन्नास कुटुंबे असतील त्या गावाने लिहिणे-वाचणे शिकविणारा शिक्षक नेमलाच पाहिजे. आपल्या देशात त्या वेळी शाहजहान बादशाहचे राज्य होते, म्हणजे काळाची कल्पना येईल. परंतु वाचकहो, हा कायदा गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मुलांसाठी होता. त्याच भूमीवर दुसरी माणसेही राहत होती.

जाहीरनामा आणि साखळदंड

१६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर एका जहाजातून विसाहून थोडी अधिक आफ्रिकन माणसे उतरविण्यात आली आणि अन्नधान्याच्या बदल्यात देऊन टाकण्यात आली. अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमधील गुलामगिरीचा इतिहास साधारणपणे येथून मोजला जातो. १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या जवळजवळ ४० लाख भरली.

ह्या दोन तारखांच्या मध्ये ४ जुलै १७७६ ही तारीख येते. त्या दिवशी अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, हे तत्त्व त्यात मांडलेले आहे. तो मुख्यतः लिहिला थॉमस जेफर्सन यांनी. हे गृहस्थ मोठे विद्वान आणि ग्रंथप्रेमी. विद्यार्थीदशेत, १७६५ मध्ये, त्यांनी कुरआन शरीफचा जॉर्ज सेल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद विकत घेतला होता. ती प्रत आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. अमेरिकन संसदेवर निवडून आलेले पहिले मुस्लिम सभासद कीथ एलिसन यांनी जानेवारी २००७ मध्ये आपल्या शपथविधीच्या समारंभात हीच प्रत वापरली. परंतु त्याच जेफर्सनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते, हेही तितकेच खरे आहे. समतेचे वाक्य लिहिणारा हात आणि गुलामांचा हिशेब लिहिणारा हात एकच होता. अमेरिकेचा पुढचा सारा इतिहास हा ह्या दोन लिखाणांमधला झगडा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

अक्षरांवर बंदी

गुलामांना मालक लोक अक्षरे का शिकवू देत नसत? कारण अक्षर आले की माणूस पत्र लिहितो, परवाना लिहून पळून जातो, वर्तमानपत्र वाचतो आणि आपल्यासारखे दुसरे कोण कोठे आहेत हे त्याला समजते. साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांचे बंड झाले. १७४० मध्ये लगेच कायदा आला की गुलामाला लिहिणे शिकविणाऱ्यास १०० पौंड दंड. नॉर्थ कॅरोलिनाने १८३० मध्ये त्याहून कडक कायदा केला. शिकविणारा गोरा असेल तर त्याला दंड वा कैद, गुलाम असेल तर फटके. शिकविणे हा गुन्हा ठरविणारे हे कायदे वाचले म्हणजे शाळेच्या पाटीची किंमत कळते.

ह्याच नॉर्थ कॅरोलिनात, कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८३१ मध्ये, एका गुलामाने आपले आत्मचरित्र लिहिले. ते त्याने अरबीत लिहिले. त्याचे नाव उमर इब्न सईद. आजच्या सेनेगल देशातील फुता तोरो ह्या भागात १७७० च्या सुमारास जन्मलेला हा माणूस अडाणी नव्हता. उस्तादांच्या हाताखाली पंचवीस वर्षे इल्म घेतलेला आलिम होता. लढाईत तो पकडला गेला आणि १८०७ मध्ये चार्ल्सटनच्या बंदरात विकला गेला. एका क्रूर मालकाच्या तावडीतून पळाला, पुन्हा पकडला गेला आणि तुरुंगात पडला. तेथे त्याने कोळशाने भिंतींवर अरबी लिहिण्यास सुरुवात केली. हे काय लिहितो आहे ते पाहण्यासाठी गावचे लोक जमले. ज्याला ते जनावरासारखे समजत होते तो त्यांच्यातील पुष्कळांपेक्षा अधिक शिकलेला होता!

त्याचे आत्मचरित्र अवघे पंधरा पानांचे आहे, आणि त्याची सुरुवात सूरह अल-मुल्कने होते. सारी सत्ता आणि मालकी एका परमेश्वराचीच आहे, असे सांगणारी ही सूरह एका गुलामाने आपल्या कहाणीच्या आरंभी का लिहिली असेल, ह्याचा विचार सूज्ञ वाचकांनी करावा. भोवतालच्या मालकवर्गाला अरबी वाचता येत नव्हती; म्हणून त्याच्या लेखणीवर कोणाला कात्री चालविता आली नाही. त्याला चर्चमध्ये दाखल करून घेण्यात आले होते. पण त्याला स्वातंत्र्य मिळाले नाही. म्हातारपणी गुलामीतच तो वारला. ते हस्तलिखित २०१७ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने मिळविले. त्याच्या जीवनावरील 'ओमर' ह्या संगीतनाट्याला २०२३ चा संगीतासाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. भिंतीवर कोळशाने लिहिणाऱ्या माणसाचे शब्द दीडशेहून अधिक वर्षांनंतर देशाच्या राजधानीत पोहोचले.

पावाच्या तुकड्याला एक धडा

उमरने अक्षरे सोबत आणली होती. फ्रेडरिक डग्लस ह्या मुलाला ती चोरून मिळवावी लागली. १८१८ मध्ये मेरीलँड राज्यात गुलाम आईच्या पोटी तो जन्मला. आठेक वर्षांचा असताना त्याला बाल्टिमोर शहरात एका घरी कामाला पाठविले. घरची मालकीण भली होती. तिने त्याला एबीसी आणि लहान शब्द शिकविले. मालकाला हे समजताच त्याने तिला थांबविले. हा वाचू लागला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, असे तो म्हणाला. जवळ उभ्या असलेल्या फ्रेडरिकने ते ऐकले. मालकाला ज्याची इतकी भीती वाटते तेच आपल्याला मिळविले पाहिजे, अशी खूणगाठ त्याने त्या दिवशी मनाशी बांधली.

मग त्याने काय केले पाहा. निरोप पोहोचविण्यास बाहेर जाताना तो खिशात पाव ठेवी. गल्लीतील गोऱ्या पण गरीब, भुकेल्या मुलांना पाव द्यायचा आणि त्या बदल्यात एक धडा शिकून घ्यायचा. जहाजाच्या कारखान्यात सुतार लोक फळ्यांवर खुणेसाठी अक्षरे लिहीत. डाव्या बाजूच्या फळीला एक, उजव्या बाजूच्या फळीला दुसरे. ती पाहून तो खडूने कुंपणावर आणि फरसबंदीवर गिरवू लागला. मग एखाद्या मुलाला गाठून म्हणायचा, मला तुझ्याइतके लिहिता येते. मुलगा चिडून अधिक अक्षरे लिहून दाखवी आणि फ्रेडरिक ती उचलून घेई. बाराव्या वर्षाच्या सुमारास साठविलेल्या ५० सेंटमध्ये त्याने भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले आणि ते पुन्हा पुन्हा वाचले. १८३८ मध्ये तो पळून उत्तरेकडे गेला, १८४५ मध्ये आत्मचरित्र लिहिले, १८४७ मध्ये 'नॉर्थ स्टार' हे वर्तमानपत्र काढले. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यातील तो सर्वांत प्रभावी वक्ता ठरला. त्याच्याजवळ वर्ग नव्हता, गुरुजी नव्हते आणि फीही नव्हती. वही नाही म्हणून अभ्यास राहिला असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

तीच अक्षरे, दुसरी बाजू

इथवर वाचून कोणाला वाटेल की इंग्रजी अक्षर म्हणजे मुक्तीच. परंतु इतिहास इतका सरळ नसतो. मूळ रहिवाशांची हकीकत वेगळी आहे, आणि पालकांनी ती मुद्दाम लक्षात घ्यावी.

चेरोकी जमातीत सिकोया नावाचा एक चांदीकाम करणारा कारागीर होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. पण गोरे लोक कागदावर बोलतात, मग आपल्याला का बोलता येऊ नये, ह्या विचाराने त्याने अनेक वर्षे खपून १८२१ मध्ये आपल्या भाषेसाठी सुमारे ८५ चिन्हांची लिपी तयार केली. आपल्या बाराखडीप्रमाणे तीत प्रत्येक चिन्ह म्हणजे एक पूर्ण उच्चार. ती इतकी सोपी होती की थोड्याच वर्षांत जमातीतील पुष्कळ लोक साक्षर झाले. १८२८ मध्ये चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत त्यांचे वर्तमानपत्र निघाले. तरीही १८३० च्या कायद्याने त्यांची जमीन हिरावण्याचा मार्ग मोकळा झाला आणि १८३८-३९ मध्ये सुमारे १६,००० चेरोकींना शेकडो मैल पश्चिमेला हाकलण्यात आले. त्यांतील सुमारे ४,००० माणसे थंडीने, उपासाने आणि रोगाने मेली. त्या वाटेला आजही 'अश्रूंची वाट' म्हणतात.

पुढे १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल येथे एका जुन्या लष्करी छावणीत ह्या जमातींच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाली. मुलांना दूरदूरच्या मुलखांतून आणले जाई. आल्याबरोबर त्यांचे लांब केस कापले जात, घरचे कपडे काढून घेतले जात, नावे बदलली जात आणि स्वतःच्या भाषेत बोलण्यास बंदी असे. त्या शाळेच्या जागी आजही अनेक मुलांच्या कबरी आहेत. कार्लाइलची शाळा १९१८ मध्ये बंद पडली. पण तशा शाळा आणखी कित्येक वर्षे चालल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी ह्या शाळांबद्दल देशाच्या वतीने जाहीर माफी मागितली. आणि दैवाचा खेळ असा की दुसऱ्या महायुद्धात शत्रूला उलगडू नये असा सांकेतिक निरोप पाठविण्यासाठी सैन्याला १९४२ पासून उपयोगी पडली ती नावाहो जमातीची भाषा. शाळेत जी बोलल्याबद्दल शिक्षा होत असे तीच भाषा रणांगणावर देशाच्या कामी आली.

डग्लसने इंग्रजी अक्षर स्वतः होऊन घेतले. कार्लाइलच्या मुलांवर ते लादले गेले आणि बदल्यात त्यांची भाषा काढून घेतली. आपल्या घरात कोठे मराठी बोलली जाते, कोठे उर्दू वा दखनी, कोठे कोकणी. इंग्रजी शाळेत घातले म्हणून घरी मुलांशी आपली भाषा बोलणे बंद करणारे पालक मी पाहतो. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की जे कार्लाइलमध्ये सक्तीने केले गेले ते आपण हौसेने करू नये.

समाजाने बांधलेल्या शाळा

१८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण असे यादवी युद्ध झाले. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली आणि १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. मुक्त झालेल्या माणसांनी जमिनीच्या खालोखाल जर काही मागितले असेल तर ती शाळा. आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसून एकच स्पेलिंगचे पुस्तक गिरवीत. १८७० मध्ये कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ८० टक्के लोक निरक्षर होते. १९१० मध्ये हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले. चाळीस वर्षांत, बहुतांशी शत्रुत्वाच्या वातावरणात, एका समाजाने हे करून दाखविले.

ह्यात बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव घ्यावे लागते. गुलाम म्हणून जन्मलेल्या ह्या शिक्षकाने १८८१ मध्ये अलाबामा राज्यात टस्कीगी येथे संस्था सुरू केली. विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून तिच्या इमारती उभ्या केल्या. पुढे १९१२ पासून त्यांच्याच प्रेरणेने शिकागोच्या सीअर्स कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी दक्षिणेतील खेड्यांत शाळा बांधण्यास पैसे देण्यास सुरुवात केली. हे गृहस्थ ज्यू धर्माचे. त्यांची अट एकच होती : पैसे मिळतील, पण गावानेही आपला वाटा उचलला पाहिजे. मग शेतमजुरांनी जमीन दिली, लाकूड तोडून आणले, कोणी कापसाच्या पिकाचा काही भाग शाळेच्या नावाने ठेवला, बायकांनी जेवणे करून विकली आणि पैसे जमविले. १९३२ पर्यंत १५ राज्यांत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. हिशेब केला तेव्हा दिसून आले की रोझेनवाल्ड फंडाने जितके दिले त्याहून थोडे अधिकच ह्या गरीब समाजाने स्वतःच्या खिशातून दिले होते.

आपल्या संस्थांची पावतीपुस्तके ज्यांनी कधी हाती धरली आहेत त्यांना ह्या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सोळा वर्षांची मुलगी आणि सर्वोच्च न्यायालय

शाळा झाल्या, पण त्या वेगळ्या. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते की सोयी समान असतील तर काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्यास हरकत नाही. वेगळेपण काटेकोरपणे पाळले गेले. समानता कागदावर राहिली.

व्हर्जिनियातील फार्मव्हिल गावी कृष्णवर्णीयांचे मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेले होते. १९५१ पर्यंत तेथे ४५० हून अधिक मुले कोंबली गेली. जादा वर्ग लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकलेल्या खोल्यांत भरत. पाऊस आला की गळत. पालकांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यांना आश्वासने मिळाली. शेवटी २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स ह्या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने मुख्याध्यापकांना युक्तीने बाहेर पाठवून सर्व मुलांना सभागृहात जमविले आणि संपाची हाक दिली. शाळेची नवी इमारत हवी, एवढीच मागणी होती. वकिलांनी सांगितले की इमारतीसाठी नव्हे, वेगळेपणच नष्ट करण्यासाठी दावा लावत असाल तर आम्ही येतो. मुले आणि पालक तयार झाले. हा दावा इतर चार ठिकाणच्या दाव्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यांतील कॅन्सस राज्यातील ब्राउन कुटुंबाच्या नावाने तो प्रसिद्ध आहे. थर्गुड मार्शल यांनी बाजू मांडली. १७ मे १९५४ रोजी सर्व न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की शाळांतील वेगळेपण हीच असमानता आहे. हेच मार्शल १९६७ मध्ये त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

निकाल लागला म्हणून दारे उघडली नाहीत. बार्बराच्या जिल्ह्याने काळी मुले गोऱ्या शाळांत घेण्यापेक्षा १९५९ मध्ये सर्व सरकारी शाळांनाच कुलूप लावले. ते पाच वर्षे, १९६४ पर्यंत निघाले नाही. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळ्या मुलांची मात्र वर्षे वाया गेली. तिकडे न्यू ऑर्लिन्स शहरात १४ नोव्हेंबर १९६० रोजी रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी सरकारी अंमलदारांच्या पहाऱ्यात शाळेत गेली. बाहेर जमाव ओरडत होता. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. तिला शिकविण्यास एकच बाई तयार झाल्या, बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री. त्या स्वतः गोऱ्या होत्या. वर्षभर त्या वर्गात एक बाई आणि एक विद्यार्थिनी एवढीच हजेरी होती. दोघींनीही एक दिवस चुकविला नाही, असे त्या सांगतात.

ह्याच पिढीतील आणखी एक नाव आपल्या मुलांना ठाऊक असावे. आठवीनंतर शाळा सोडलेला आणि १९४६ मध्ये चोरीसाठी तुरुंगात गेलेला एक तरुण तेथे पुस्तके वाचू लागला. पण निम्मे शब्द समजेनात. त्याने तुरुंगातून एक शब्दकोश, वह्या आणि पेन्सिली मागविल्या आणि पहिल्या पानापासून कोश उतरवून काढण्यास सुरुवात केली. पहिल्या पानाला एक पूर्ण दिवस लागला. मग तो ते मोठ्याने वाचून पाठ करी. हाच पुढे माल्कम एक्स म्हणून जगाला ठाऊक झाला. त्याने इस्लामचा स्वीकार केला, १९६४ मध्ये हज केला आणि तेथे गोऱ्या-काळ्यांना एकाच सफेत उभे पाहून माणसामाणसांतील भेदांविषयीचे आपले विचार बदलले. १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याची हत्या झाली. इंग्रजी शब्द पाठ होत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांसाठी ह्याहून चांगला वस्तुपाठ नाही.

आपला धागा

हा सारा इतिहास सातासमुद्रापलीकडचा खरा. पण त्याचा धागा आपल्या महाराष्ट्रात कधीच येऊन पोहोचलेला आहे. सिंथिया फरार ह्या अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईस आल्या आणि पुढे त्या वेळच्या अहमदनगरात त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ह्याच जोतीरावांनी १८७३ मध्ये लिहिलेले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य बोलून दाखविले. दोन दूरच्या देशांत शाळेसाठी झगडणारी माणसे एकमेकांना ओळखत होती.

अमेरिकेचे सर्व प्रश्न सुटले, असे मात्र कोणी समजू नये. १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मतदानाचा कायदा झाला, २००८ मध्ये बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आले; तरी तेथील शाळांचा बराच खर्च आजही स्थानिक मालमत्ताकरातून चालतो आणि म्हणून श्रीमंत वस्तीची शाळा एक, गरीब वस्तीची दुसरी, असे दृश्य दिसते. चांगल्या-वाईटाची ही दोन्ही पाने मुलांपुढे ठेवावीत. एखाद्या देशाला डोक्यावर घेणे सोपे आणि शिव्या देणेही सोपे. तो समजून घेणे हेच शिक्षण.

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजीचा धडा वाचताना त्यातील प्रत्येक अक्षराकडे एकदा आदराने पाहा. त्या अक्षरासाठी कोणी पाव दिला आहे, कोणी फटके खाल्ले आहेत, कोणी जमावातून चालत गेले आहे. रोज शब्दकोशातील दहा शब्द वहीत उतरवा, आणि घरी जाऊन त्यांचा अर्थ आपल्या भाषेत आईला सांगा. पालकहो, मुलगा असो वा मुलगी, दहावीनंतर तिची पुस्तके बांधून माळ्यावर टाकू नका. आणि संस्थेचा कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन दारात आला, तर त्या कापूस वेचणाऱ्या शेतमजुरांची आठवण ठेवा, ज्यांनी देणगीदारापेक्षा थोडे अधिक देऊन आपली शाळा उभी केली.